रंग बदललेली गोळी

—ओघळ नाहीत ते, ताई. म्हणजे आहेत, नाही असं नाही, पण खालून जसे दिसतायत तसे नाहीत. जिन्यात उजेड तिरका येतो ना, या वरच्या खिडकीतून — तिरक्या उजेडात नवी भिंत नेहमी वाईटच दिसते, झोपेतून उठवलेल्या माणसासारखी. वाळू द्या जरा. वाळलं की भिंत सगळं पोटात घेते. रंग पातळ झालाय का? झालाय थोडा, मीच पाणी घातलं, कारण तुमची भिंत पडली तहानलेली, पहिला हात तर तिनं घटाघटा पिऊन टाकला — नाही, तुमची चूक नाही त्यात, भिंतीची एकेक जात असते. दुसरा हात मारायच्या आधी पॉलिश पेपर फिरवतो, गेले ओघळ. चहा? ठेवा तिथे खालच्या पायरीवर. मला आत्ता उतरायला लावू नका. ही फळी बघितली ना — एक टोक घोड्यावर, म्हणजे या दुपाखी शिडीवर, दुसरं तुमच्या वरच्या पायरीवर, मधे सगळी पोकळी, खाली अख्खा जिना. इथून उतरायचं, चहा प्यायचा, परत चढायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तोल जमवायचा. एकदा चढलो की जेवणालाच उतरतो मी, तीस वर्षांची सवय आहे. तुम्ही जा, कॉम्प्युटर उघडा टाकून आलात, तुमचं काम बघा.

मेहुणा? नाही आला आज. पाठ धरलीय त्याची. हो, बोलणं झालं होतं आपलं, दोन माणसं येतील असं मीच म्हणालो होतो, पण पाठ काय विचारून धरते का? आणि शिडी धरायला माणूस लागतोच असं काही नाही, ताई. धरणारा माणूस म्हणजे निम्मा वेळ मोबाईलमध्ये मान घालून. घोडा पक्का आहे माझा, पायांना रबर नवीन बसवलंय, मी हललो नाही तर तो हलायचा नाही. — ते? ते माझ्या फोनचं आहे, खाली पाण्याच्या बादलीशेजारच्या पिशवीत. राहू दे, वाजून वाजून गप्प बसेल. कुणाचा फोन नाही, गजर आहे. — बरं, करा बंद, त्रास होत असेल तर. काय लिहिलंय वर? वाचता कशाला. 'गोळी.' हां. आमच्या मंडळीनं लावून दिलाय, सकाळी नऊ, रात्री नऊ, तिला वाटतं मला घड्याळ कळत नाही. कसली म्हणजे, असते एकेकाला कसली ना कसली. तुमच्याकडे नाही का कुणाला रक्तदाबाची? तसलंच. म्हणजे तेच नाही, पण तसलंच.

फिटची आहे. झालं समाधान? आता बघा, लगेच चेहरा पडला तुमचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. फिट म्हटलं की लोक असे बघतात की हा आत्ता पडतो की मग पडतो. अहो, सहा वर्षं झाली, सहा वर्षांत एकदाही नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरात होतो, ओट्याखाली वाकून नळाची गळती बघत होतो, उठलो, आणि त्यानंतरचं मला काही माहीत नाही. मला आठवतं ते एकदम ॲम्ब्युलन्सचं छत. बायकोला मात्र सगळं आठवतं. ती त्या दिवसापासून रात्री माझ्या दंडावर हात ठेवून झोपते — उकाड्यातसुद्धा. काढ म्हटलं तर काढते, आणि मला झोप लागली की परत ठेवते. नंतर दोनदा झालं, पण पडलो नाही, नुसता उभा राहिलो. हो, तसंही असतं. माणूस उभा, डोळे उघडे, हात चालू. दार घासत होतो म्हणे मी, आणि एकाच जागी घासत राहिलो, दोन मिनिटं, हाक मारली तरी ओ नाही, आणि भानावर आलो तर मीच विचारतो, काय झालं, सगळे असे का बघताय. मग डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली आणि बंद झालं. गोळी चांगली होती. ती पिवळी गोळी चांगलीच होती, मी कुठे नाही म्हणतो.

डॉक्टरबाईही चांगल्या आहेत, फक्त त्यांच्या सूचना म्हणजे मारुतीचं शेपूट. एकही वेळ चुकवायची नाही. चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, बंद करायची झाली तर मी सांगेन, आणि तीसुद्धा हळूहळू, पायरी पायरीनं. दारू नाही, जागरण नाही, सर्दीची गोळी घ्यायची तरी आधी विचारा. चिडचिड वाढली, मन उदास झालं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी सांगा, लाजू नका. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. आणि उंचीवर काम करायचं नाही. — रंगाऱ्याला. म्हटलं, डॉक्टरबाई, मग आचाऱ्याला सांगा चुलीजवळ जाऊ नको. त्या हसल्या नाहीत. बायकोही हसली नाही. मग तडजोड झाली, डॉक्टरबाईंशी नाही, बायकोशी — दारं-खिडक्या मी करायच्या, भिंती खांद्यापर्यंत मी करायच्या, वरचं सगळं मेहुण्यानं. अगदी चढायचंच झालं तर त्यानं खाली घोडा धरून उभं राहायचं. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ तो, म्हणजे तिचं गुप्त पोलीस खातंच. — आता वर आहे, हो, दिसतोय की मी तुम्हाला. आज तो नाही म्हणून. मग काय, तुमचा जिना खांद्यापर्यंत रंगवून सोडून देऊ?

आजची नऊची घेतली का? — घेतली का म्हणजे... त्यात एक भानगड आहे. ऐका, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल. गेल्या महिन्यात औषधवाल्यानं गोळी बदलली. पाकीट वेगळं, गोळी पांढरी. सहा वर्षं पिवळी घेतली मी — दुधाच्या सायीचा पिवळा असतो ना, त्याच्याहून बोटभर गडद, डोळे मिटून सांगेन तुम्हाला तो रंग — आणि ही पांढरीफट्ट. म्हटलं, ही माझी नाही. म्हणतो, काका, तीच आहे, जुन्या कंपनीचा माल येत नाही सध्या, आतलं औषध तेच, ताकद तीच, वरचा रंग तेवढा वेगळा. मला सांगतोय तो. रंगाच्या माणसाला. 'आतलं तेच, डबा तेवढा वेगळा' हे वाक्य ऐकून ऐकून माझे केस पिकले, ताई. मी चुलत्याच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा एका शाळेचा हॉल घेतला होता आम्ही. लांबच लांब भिंत, मधेच रंग संपला, दुकानदारानं दुसरे डबे दिले — नंबर तोच, शेड तीच, झाकणावरचा कागदसुद्धा तोच, फक्त कारखान्यातून वेगळ्या दिवशी निघालेले. मारले. संध्याकाळी काही दिसलं नाही. सकाळी ऊन आलं आणि भिंतीच्या मधोमध रेघ, फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. मुख्याध्यापक हात मागे बांधून बघत उभे. अख्खी भिंत परत केली आम्ही. त्या दिवशी चुलता म्हणाला, अर्ध्या भिंतीत डबा बदलायचा नाही. जुना आहे तो पुरवून पुरवून वापरायचा, आणि नवा आणावाच लागला तर दोन्ही एका पिंपात ओतून ढवळून घ्यायचा, मग फरक कळत नाही. तीस वर्षं मी तेच करत आलो आणि तीस वर्षं कुणी माझ्या भिंतीला नाव ठेवलं नाही. मग माझ्या डोक्याच्या आत काय आहे? तीही भिंतच की, सहा वर्षांची, एकसारखी. तिच्यात मधेच हा पांढरा डबा ओतू?

डॉक्टरबाईंना विचारलं का? नाही विचारलं. तेही होतं त्यांच्या यादीत, खोटं कशाला बोलू — गोळीचा रंग, आकार, पाकीट बदललं तर घाबरू नका, घेणं थांबवू नका, पण मला एक फोन करा. एक फोन. केला का? नाही केला. केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, तीच आहे, घ्या, आणि मग मला घ्यावी लागली असती. हसताय कशाला, असंच असतं माणसाचं.

तर जुन्या पिवळ्या उरल्या होत्या चोवीस. घरातल्या, आणि पिशवीत अडीअडचणीला ठेवलेल्या, सगळ्या धरून. रोजच्या दोन, म्हणजे बारा दिवसांचा माल. म्हटलं, पुरवू. सकाळची बंद केली, रात्रीची ठेवली. अठरा दिवस गेले, सहा उरल्या, त्या मोडून अर्ध्या अर्ध्या केल्या — आणखी बारा दिवस. शेवटची अर्धी परवा रात्री घेतली. म्हणजे काल नाही, आज नाही. आणि बायको? बायको पाकिटं मोजते ना, रिकामी पाकिटं, डब्यात ठेवते एकावर एक. मग सकाळची पांढरी मी कामावरच दाबून काढून ठेवतो, आणि रात्रीची रोज तिच्यासमोर काढतो, तोंडाशी नेतो, घोटभर पाणी पितो, आ करून दाखवायचं तेवढं बाकी — आणि गोळी मुठीत. त्या पिशवीत छोटा डबा आहे, शेडचा नमुना आणायचा, त्यात सगळ्या साठवल्यात. टाकून नाही दिल्या, ताई, मी काही मूर्ख नाही. मनात होतं की पिवळ्या संपत आल्या की एक पिवळी, एक पांढरी, असं करत ढवळून घेऊ. पण धीर झाला नाही. दरवेळी म्हटलं उद्यापासून. आणि काही झालं का? सांगा ना, झालं का काही? उलट हलकं वाटतंय, दुपारची पेंग येत नाही, हात झरझर चालतो. कधीकधी तर वाटतं, दुखणं कधीच गेलं असेल आणि आम्ही आपली गोळ्यांची सेवा करत बसलोय. झोप नीट लागत नाही, तेवढं आहे. आणि राग येतो. राग कुणाला येत नाही?

मेहुण्याला माहीत आहे का — तुम्ही वकील आहात का हो? त्याची पाठ ठणठणीत आहे. आता विचारलंच आहे तर सांगतो, पाठबीठ काही नाही. शनिवारी दुसऱ्या एका घरी होतो आम्ही, चहाला बसलो होतो समोरासमोर. तो म्हणतो की माझ्या हातातला कप कलंडला आणि चहा माझ्याच मांडीवर सांडत होता, आणि मी समोर बघत ओठ चाटत बसलो होतो. म्हणतो, दाजी, दाजी, चारदा हाक मारली. मी म्हणतो, विचारात होतो. माणूस विचारात असू नये का? म्हणतो, गोळ्या घेताय ना? म्हटलं, तू तुझा ब्रश सांभाळ. म्हणतो, मी ताईला सांगतो — ताई म्हणजे माझी बायको — आणि मग मी काय काय बोललो ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. त्याच्या आईबापापर्यंत गेलो, म्हणजे माझ्याच सासूसासऱ्यांपर्यंत. तिला एक शब्द बोललास तर तुझं माझं नातं संपलं, असं म्हणालो मी त्याला, भर कामावर, घरमालक ऐकत असताना. त्यानं आपले ब्रश धुतले. माझेही धुतले, कापडात गुंडाळून ठेवले, आणि गेला. माझेही धुतले हो त्यानं. तेच सलतंय तेव्हापासून. आणि बहिणीला काही सांगितलं नाही, म्हणजे शब्द पाळला, मी घातलेली शपथ पाळली त्यानं. मांडीवर एवढा फोड आला होता, घरी म्हटलं थिनर सांडला.

काय? कशावर? — काचेवर? काचेवर कसा असेल रंग, खिडकीला मी अजून हातच लावला नाही. कागद चिकटवल्याशिवाय मी खिडकीच्या आसपास रोलर नेत नाही, कुणालाही विचारा. थांबा, वळू द्या मला, ती पाठीमागे येते माझ्या.

हे मी केलेलं नाही.

म्हणजे दुसरं कोण करणार, मी एकटाच आहे इथे. पण बघा ना तुम्ही — रोलर भिंतीवरून निघालाय, चौकटीवरून गेलाय, काचेवर चढलाय, आणि तिथेच वर-खाली, वर-खाली, एकाच पट्ट्यात, खाली कडेवर थेंब साचलेत. ते ओघळ याच पट्ट्याचे आहेत. पाण्यानं नाही आलेले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही, नुसतं तोंड चालवलं. तीस वर्षांत काचेवर बोटाएवढा डाग पडू दिला नाही मी. पहिल्या दिवशी कामाला आलेला माणूस असं करत नाही. आणि मला आठवत नाहीये, ताई. हा कोपरा केलेला आठवतोय, रोलर बादलीत बुडवलेला आठवतोय, आणि मग एकदम तुम्ही खाली उभ्या, ओघळ आलेत का हो म्हणत. मधलं काय? — तुम्ही आधी हाक मारली होती? चहा घेणार का म्हणून? दोनदा? केव्हा? आणि मी वळलोही नाही. तुम्हाला वाटलं माणूस तुसडा आहे. नाही हो, मी ऐकलं असतं. कान चांगले आहेत माझे, मी ऐकलं असतं तुमचं.

म्हणजे मी इथेच उभा होतो. या फळीवर. मला माहीत नव्हतं मी कुठे आहे, आणि मी इथे उभा होतो.

जाऊ नका. आत्ता जाऊ नका कुठे. फोन नंतर, आधी घोडा धरा — नाही, नका धरू, मी पडलो तर तुमच्या अंगावर पडेन. सोडा तो. बाजूला व्हा. बसतो मी आधी, पाय खाली सोडून बसतो, असा. बसलेला माणूस पडतो तोही, पण — घोड्यावरून उतरायला नको. पाठमोरं उतरताना दोन हात सोडावे लागतात एकदा. वरच्या पायरीकडे सरकतो, बुडावर, सहा फूट तर आहे. तुम्ही असं करा, फळीखालून वाकून जिन्यानं वर या आणि पायरीवरचं टोक गुडघ्यानं दाबून धरा. सांभाळून, बादली आहे. हां. दाबा. आणि ऐका, मधेच मला काही झालं, मी बोलायचा थांबलो किंवा नुसता बघत राहिलो, तर ओरडू नका, गदागदा हलवू नका. पायरीपर्यंत पोचल्यावर झालं तर कुशीवर वळवा, डोक्याखाली ते कापड घाला, हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही — चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा एक थांबून दुसरी सुरू झाली, तर ॲम्ब्युलन्स. हे सगळं बायकोनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय. मला कशाला, मी तर शुद्धीत नसणार — तर म्हणते, तुम्ही ज्याच्याबरोबर काम कराल त्याला रोज सकाळी सांगत जा. सहा वर्षांत तुम्ही पहिल्या, ज्यांना मी सांगितलं.

सरकतोय. बघू नका खाली, म्हणजे मीच बघत नाही, तुम्ही काय वाटेल ते बघा. बोलत राहतो मी, बोलतोय तोवर मी आहे असं समजा. फळी करकरतेय ती करकरू दे, फळीचा तो स्वभावच आहे. अर्ध्यावर आलो का? अजून नाही? — थांबा. थांबा जरा. तोंडात काहीतरी... नाही. घाम आहे, ओठावर आलाय. पूर्वी आधी तोंडात गंजल्यासारखी चव यायची मला, ती आली की बसून घ्यायचो. आज सकाळी तीही आली नाही. की आली होती आणि मी विसरलो? बोला ना तुम्ही काहीतरी. मी एकटाच बडबडतोय. हात द्या. हात नको, फळी सोडाल, दाबूनच धरा. आलो. पाय टेकला. दुसरा टेकला. बसू द्या मला इथेच, या पायरीवर, भिंत ओली असली तर असू दे, शर्ट जाईल एवढंच.

मी फार घाबरलोय, ताई. खाली तुम्ही उभ्या होतात, तो रोलर, ती बादली, मी पडलो असतो तर तुमच्या डोक्यावर पडलो असतो, आणि तुमचं काय होतं त्यात? रंग लावायला बोलावलंत तुम्ही मला. सहा वर्षं एक गोळी निमूट काम करत होती, आणि मी तिचा रंग बघत बसलो. ती पिशवी द्या जरा इकडे. हा बघा डबा, साठच्या वर आहेत, हलवला तरी वाजत नाही एवढा भरलाय. चार घेऊ का एकदम? मागची भरपाई होईल. नको? — नाही, बरोबर आहे तुमचं, दोन एकदम घ्यायच्या नाहीत म्हणाल्यात, तर चार कुठून. आता किती घ्यायची, कशी सुरू करायची, ते त्यांनाच विचारायला पाहिजे, माझ्या मनानं नाही. माझ्या मनानं काय होतं ते बघितलंत तुम्ही. आजच जायला पाहिजे, आत्ताच. एकट्यानं नाही.

डॉक्टरबाईंचा नंबर माझ्याकडे नाही. फाईल, नंबर, तारखा, सगळं बायकोकडे. मला कधी ठेवावाच लागला नाही. म्हणजे आधी तिलाच लावायचा. काय सांगू तिला? एकटा फळीवर होतो हे सांगू, की तिच्या भावाला हाकलून दिलं हे, की महिनाभर रोज रात्री तिच्यासमोर नुसतं पाणी पीत होतो हे? भांडेल याची नाही भीती. भांडली तर बरंच, मी ऐकून घेईन. ती भांडणार नाही, ती गप्प होईल, आणि त्या गप्प होण्यात तिला सगळं कळलेलं असेल, की ज्याच्या दंडावर हात ठेवून ती जागी राहायची त्याच माणसानं तिला फसवलं. — नाही, तुम्ही नका लावू. परक्या बाईच्या तोंडून नको. पहिला विचार तिच्या मनात काय येईल, गेला म्हणून सांगायला फोन आलाय असाच येईल ना? मीच लावतो. निदान आवाज माझा असू दे.

वाजतोय. तुम्ही आत जा आता, ताई. नाही पडत, पायरीवर बसलोय, अजून कुठे पडणार. दार उघडं ठेवा हवं तर, मधूनमधून डोकावा, पण आत्ता जा. हे तुमच्यासमोर नाही जमायचं मला. जा ना.

— हां, मीच. नाही, काही नाही... नऊची? त्याचंच बोलायचंय. तू काय करतेयस? गॅस चालू आहे का? बंद कर. बंद केलास? आता खाली बस. सांगतो, सगळं सांगतो, आधी बस तू. बसलीस?